आता हात काढ

गेल्या कोजागरीला आमच्याकडे एका गच्चीवर मैफल होती. गायिका साठीच्या पुढच्या, आवाज अजून लख्ख. तासभर जुनं म्हणून झाल्यावर त्यांनी पाण्याचा घोट घेतला, वहीतून एक सुटा कागद काढला आणि म्हणाल्या, हे नवीन आहे, याच महिन्यात बांधलंय, ऐका. तबलजींना लय सांगितली. दोन ओळी झाल्या असतील नसतील, तेवढ्यात मागच्या रांगेतून चिठ्ठी पुढे सरकायला लागली. या हातातून त्या हातात करत ती पेटीपर्यंत पोचली. बाईंनी गातागाताच ती उलगडून पाहिली. त्यांचं एक भावगीत आमच्या आख्ख्या पिढीला पाठ आहे, फर्माईश त्याचीच होती. त्या हसल्या, समेवर येऊन थांबल्या, नवा कागद घडी घालून वहीत सारला आणि ते गाणं सुरू केलं. गच्चीवर ‘वा’ उठली. दुधाचे पेले हातातच राहिले, माझ्या शेजारच्या वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. गाणं सुंदरच झालं. पण त्या दोन ओळींच्या पुढे काय होतं, हे मला घरी येईपर्यंत आणि नंतरही कितीतरी दिवस छळत राहिलं. कागदावर बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं होतं. मी दुसऱ्याच रांगेत होते, मला दिसलं होतं.

यात कुणाला बोल लावायचा? चिठ्ठी लिहिणाऱ्याचं प्रेम खरं होतं. वहिनींच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. त्या गाण्याला त्यांच्या आयुष्यातलं काहीतरी चिकटलेलं असणार, ते सोडवून आणायला त्या आल्या असणार. आणि बाईंनीही समजून-उमजून, मोठ्या मनाने दिलं. तरी माझ्या मनात एक हट्टी प्रश्न उभा राहिला, की कलावंताने स्वतःच्या जुन्या कामाची चाकरी कुठवर करायची? या प्रश्नाचं एक फार धीट उत्तर मला ठाऊक आहे. ते इंग्लंडच्या चौघांनी अमेरिकेत दिलं होतं.

१९८७ साल. वायर हा लंडनचा बँड पाच-सहा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा उभा राहिला होता आणि नव्या रेकॉर्डच्या निमित्ताने अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला होता. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डला, ‘पिंक फ्लॅग’ला, तेव्हा दहा वर्षं होत आली होती. त्या दहा वर्षांत तिकडच्या पोरांनी ती झिजवून-झिजवून ऐकली होती. साहजिकच सगळे तीच ऐकायला येणार. आणि हे चौघं तर ठरवून बसलेले की जुनं वाजवायचं नाही. मग त्यांनी काय केलं, तर न्यू जर्सीकडच्या काही तरुणांचा एक बँड सोबत घेतला. एक्स-लायन टेमर्स हे त्याचं नाव, तेसुद्धा ‘पिंक फ्लॅग’मधल्याच एका गाण्यावरून घेतलेलं. ही मुलं फक्त वायरची गाणी वाजवायची. दौऱ्यात ती आधी मंचावर यायची आणि ‘पिंक फ्लॅग’ पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, त्याच क्रमाने, वाजवून दाखवायची. मग खुद्द वायर यायचे आणि नवं वाजवायचे. त्या मुलांमधला ड्रम वाजवणारा जिम डेरोगॅटिस पुढे अमेरिकेतला मोठा संगीतसमीक्षक झाला.

मला ही गोष्ट कधी उर्मटपणाची वाटली नाही. तिच्यात ऐकणाऱ्याची सोय आहे, जुन्या कामाबद्दल आदर आहे आणि स्वतःचा हात मोकळा ठेवण्याची धडपडही आहे.

वायर माझ्याकडे आले ते रत्नागिरीमार्गे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी पुण्यात आर्ट कॉलेजात शिकत होते, आणि खोलीतली मैत्रीण रत्नागिरीची. तिचा थोरला भाऊ बोटीवर होता. तो सुट्टीवर घरी आला की बंदराबंदरांतून जमवलेल्या कॅसेटी मागे ठेवून जायचा, आणि दिवाळीनंतर परत येताना ही त्यातल्या चार-दोन ट्रंकेत घालून आणायची. त्यातली एक टीडीकेची साठ मिनिटांची, वर निळ्या बॉलपेनाने बँडचं नाव, बाकी काही नाही. गाण्यांची यादी नाही, चित्र नाही. आम्ही ती लावली. एक गिटार सावकाश, जड पावलांनी सुरू झाली, कुठल्यातरी कोसळत्या देशातून बातमीदार खबर पाठवतोय असं ते गाणं वाढत-वाढत गेलं आणि सामूहिक ओरड्यात विरलं. ठीक, असं असतं रॉक, असं म्हणेपर्यंत दुसरं सुरू झालं आणि संपलंसुद्धा. मैत्रिणीने टेपरेकॉर्डर बंद केला, कॅसेट बाहेर काढली, पेन्सिल घालून फिरवून पाहिली. टेप कुठे अडकली नव्हती. ते गाणंच अठ्ठावीस सेकंदांचं होतं. पुढची गाणी तशीच येत राहिली. कडवं यावं, धृपद यावं, मध्ये गिटारची करामत यावी, असं कान वाट पाहायचे आणि तेवढ्यात गाणं हातातून निसटून गेलेलं असायचं. एकवीस गाणी, सगळी मिळून पस्तीसएक मिनिटं. तीस मिनिटांची बाजू, त्यात अठरा मिनिटं गाणी आणि उरलेली कोरी टेप. ती आम्ही बंद करत नसू. गाणी थांबल्यावर ती बारीक सरसर खोलीत चालू राहायची, खाली रस्त्यावर लुनांचा आवाज, टर्पेंटाइनचा वास, आणि कुणी काही बोलायचं नाही.

त्याच वर्षी वर्गात आम्हाला जलरंग शिकवणारे सर होते. ते मागून यायचे, उभे राहायचे, आणि बऱ्याच वेळाने एवढंच म्हणायचे, ‘आता हात काढ.’ जलरंगात काम केलेल्याला हे सांगायला नको. आकाशाचा वॉश टाकला, तो ओला असतानाच खालून झाडांचा हिरवा त्यात थोडा उतरला, कडा आपोआप विरघळल्या. चित्र झालेलं असतं. पण हाताला चैन पडत नाही. एक फांदी जरा गडद करू, तिथे एक सावली टाकू, असं करत ब्रश पुन्हा त्याच जागी जातो. तिसऱ्यांदा गेला की रंग मळतो, चौथ्यांदा गेला की कागदाची लव उठते आणि ती जागा कायमची मेली. मग कितीही काही करा. आता मी स्वतः शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवते, आणि दर वर्षी हेच शिकवणं सगळ्यात अवघड जातं. काढायचं कसं हे सांगता येतं. थांबायचं कुठे हे ज्याचं त्याला दिसावं लागतं. परीक्षेत वेळ उरला की मुलं घाबरतात, कागद भरायला घेतात, आणि मी वर्गाबाहेर उभी असते, आत जाऊन काही सांगता येत नाही.

वायरला हे कसं दिसलं असेल, याचा मी फार विचार केला आहे. एक कारण त्यांच्या जन्मातच आहे. ही चित्रशाळेतली माणसं. कॉलिन न्यूमन वॉटफर्डच्या आर्ट स्कूलमध्ये शिकत होता. ब्रूस गिल्बर्ट तिथेच दृकश्राव्य विभागात तंत्रज्ञ होता. स्वतः चित्रकार, आणि १९७६ साली तिशी गाठलेला. आजूबाजूला पंकची, म्हणजे त्या नव्या, साध्या, आक्रमक रॉकची, सतरा-अठरा वर्षांची पोरं आणि हा तीस वर्षांचा माणूस गिटार गळ्यात घालतो, यातच बरंच काही आलं. बेसवरचा ग्रॅहम ल्युइस कपड्यांचं डिझाइन शिकलेला. ड्रमवर रॉबर्ट गोटोबेड, ज्याला पुढे रॉबर्ट ग्रे या नावाने लोक ओळखू लागले. वॉटफर्डला तेव्हा संगीतकार ब्रायन ईनो अधूनमधून शिकवायला येई आणि चित्रकार पीटर श्मिट तर तिथलाच. या दोघांनी मिळून १९७५ साली पत्त्यांचा एक जोड काढला होता, ‘ऑब्लिक स्ट्रॅटेजीज’ नावाचा. काम अडलं की एक पान ओढायचं आणि त्यावर लिहिलेली सूचना पाळायची. म्हणजे गाणं हे मनात दाटून आलेलं काहीतरी नसून मांडून पाहायची, तोडून पाहायची, उलटं धरून पाहायची वस्तू आहे, हा विचार त्या इमारतीच्या हवेतच होता. सुरांची तालीम यांच्यापैकी कुणाचीच फारशी नव्हती. नजर मात्र चौघांचीही तयार होती.

दुसरं कारण योगायोगाचं. सुरुवातीला वायरमध्ये पाचवा माणूस होता, जॉर्ज गिल. गिटार त्याची, बरीचशी गाणी त्याची, आणि प्रत्येक गाण्यात त्याची लांबलचक सोलो, म्हणजे मधेच एकट्याच्या गिटारची करामत. १९७७च्या सुरुवातीला त्याचा पाय मोडला. तो बरा होईपर्यंत बाकीचे चौघं तालमीला बसत राहिले आणि सोलो नसल्यामुळे तीच गाणी अचानक सडसडीत वाटायला लागली. मग काढायलाच सुरुवात झाली. हेही नको, तेही नको. गिल परतला तेव्हा त्याच्यासाठी जागा उरली नव्हती. त्याचं वाईट वाटतं मला, खरंच वाटतं. ज्याने माणसं जमवली त्यालाच बाहेर जावं लागलं. पण जे उरलं ते वायर होतं. त्या एप्रिलमध्ये कॉव्हेंट गार्डनच्या रॉक्सी क्लबात चौघं म्हणून ते नुकतेच वाजवायला लागले होते, तेव्हा ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा माइक थॉर्न तिथल्या पंक बँडांचं ध्वनिमुद्रण करत होता. त्याने यांना ऐकलं आणि वर्ष सरायच्या आत ईएमआयच्या हार्वेस्ट लेबलवर ‘पिंक फ्लॅग’ आली. हार्वेस्ट म्हणजे पिंक फ्लॉइडचं घर, ज्या लांबण लावणाऱ्या रॉकवर पंकवाले तुटून पडले होते त्याचं माहेर.

लोक विचारायचे, गाणी एवढी छोटी का? न्यूमनचं उत्तर साधं होतं. शब्द संपले की गाणं थांबायचं.

हे वाक्य वरवर दिसतं त्याहून कठीण आहे. कारण गाणी लिहिताना शब्द संपले तरी चाल संपलेली नसते. चालीला पुन्हा एकदा फिरून यावंसं वाटतं, धृपद तिसऱ्यांदा म्हणावंसं वाटतं, ऐकणाऱ्यालाही ते हवं असतं. ‘थ्री गर्ल ऱ्हुम्बा’ घ्या. दोन-तीन सुरांचा एक तुटक झटका, कुणीही पहिल्या दिवशी गिटारवर काढू शकेल असा, पण ऐकल्यावर दिवसभर डोक्यातून जात नाही. दुसरा कुणी असता तर त्या झटक्यावर चार मिनिटं काढली असती. यांनी दीड मिनिटाच्या आत सोडून दिला. आणि ‘स्ट्रेंज’ मात्र चार मिनिटांच्या जवळ जातं, एका जागी घुटमळतं, घसरत राहतं, कारण त्याला तेवढं लागतं. छोटं करायचं हा त्यांचा नेम नव्हता. ज्याला जेवढं लागेल तेवढं द्यायचं. गोटोबेडचं वादन ऐकण्यासारखं आहे: हायहॅट, स्नेअर, बेस ड्रम, बस. भरत नाही, सजवत नाही, वळणावर टाळी घेत नाही. मला त्यात कोऱ्या कागदाबद्दलचा आदर ऐकू येतो.

‘पिंक फ्लॅग’ फारशी खपली नाही. पण कौतुक झालं आणि आता पुढचीही तशीच येणार अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली. १९७८मध्ये ‘चेअर्स मिसिंग’ आली, तर तिच्यात सिंथेसायझर, संथ गाणी, धुकं. माइक थॉर्न आता की-बोर्डवर जवळजवळ पाचवा सभासद. १९७९मध्ये ‘१५४’, तोवर झालेल्या कार्यक्रमांची संख्या म्हणून हे नाव. ती आणखी थंड, आणखी मोठ्या खोलीत वाजणारी. तिच्यातल्या एका गाण्याचं नाव म्हणजे नकाशावरचं ठिकाण, ४१ अंश उत्तर, ९३ अंश पश्चिम, अमेरिकेच्या सपाट मध्यावर आयोवात कुठेतरी. आणि त्या कोरड्या नावाखाली अंगावर ऊन पडावं असं धृपद. तीन वर्षांत तीन रेकॉर्ड आणि एकीवरून दुसरी ओळखता येऊ नये. दौऱ्यावर ते लोकांनी विकत घेतलेली गाणी वाजवायचेच नाहीत. जी अजून रेकॉर्ड व्हायची आहेत ती वाजवायचे. श्रोता कायम एक पाऊल मागे. मला या जागी थोडी कणव वाटते ती श्रोत्याची. तिकीट काढून, गर्दीत उभं राहून, ओळखीचं एकही नाही.

हे टोकाला गेलं १९८०च्या फेब्रुवारीत, लंडनच्या कॅम्डनमधल्या इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये. ईएमआयशी फाटलं होतं, आपापसातही धुसफुस होती. त्या रात्री त्यांनी जवळजवळ सगळं नवं वाजवलं आणि प्रत्येक गाण्याबरोबर मंचावर काहीतरी वेगळंच घडवलं. कुणी गॅसच्या शेगडीवर हातोडा घालतोय, कुणी डोक्यावर वर्तमानपत्रांची शिरोभूषणं घालून ताल धरतंय. खालून लोक ओरडत होते. पुढच्या वर्षी रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीने या रात्रीची रेकॉर्ड काढली, ‘डॉक्युमेंट अँड आयविटनेस’. तिच्यात गर्दीची चिडचिड स्वच्छ ऐकू येते. आणि तिच्यातच ‘वन टू एक्स यू’चा एक तुकडा आहे. ‘पिंक फ्लॅग’चं शेवटचं, सगळ्यांच्या आवडीचं गाणं, सुरू होतं, काही क्षण वाजतं आणि ते सोडून देतात. गच्चीवरच्या त्या चिठ्ठीनंतर मी हा तुकडा पुन्हा लावला होता. बाईंनी नवं सोडून जुनं धरलं, यांनी जुनं धरून सोडलं. दोन्हींत मला सारखाच त्रास झाला, हे मी स्वतःलाच कबूल केलं. अर्धवट राहिलेल्या गाण्याचा त्रास कुठल्याही बाजूने होतोच.

त्यानंतर बँड थांबला. आणि इथून पुढे ज्याला प्रभाव म्हणतात ती गोष्ट सुरू झाली, ती मुख्यतः वायर नसताना. कॅलिफोर्नियातल्या सान पेद्रो या बंदराच्या गावात डी. बून आणि माइक वॉट या कष्टकरी घरांतल्या दोघा मित्रांच्या हाती ‘पिंक फ्लॅग’ लागली. त्यांच्या मिनिटमेन या बँडने १९८१मध्ये एक रेकॉर्ड काढली, अठरा गाणी, पंधरा मिनिटं. वॉट आजही वायरचं ऋण बोलून दाखवतो. मला हा दुवा सगळ्यात प्रिय आहे. लंडनच्या आर्ट स्कूलमध्ये डोक्याने शोधलेली युक्ती दुसऱ्या टोकाला गोदीजवळच्या पोरांना परवानगी म्हणून मिळाली: तुमच्याकडे सांगायला चाळीस सेकंदांचं असेल तर चाळीस सेकंदांचं सांगा, ते पुरेसं आहे. वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेटने ‘वन टू एक्स यू’ वाजवलं, आर.ई.एम.ने १९८७च्या आपल्या रेकॉर्डवर ‘स्ट्रेंज’ घेतलं, बिग ब्लॅकने ‘हार्टबीट’. पुढे माय ब्लडी व्हॅलेंटाइनने ते नकाशावरचं गाणं. या सगळ्यांचं संगीत एकमेकांसारखं अजिबात नाही, आणि तेच बरोबर आहे. वायरकडून घ्यायचं ते घेतलं तर वायरसारखं वाजवता येत नाही.

एलास्टिका या ब्रिटिश बँडची गोष्ट मात्र वेगळी. १९९४ साली त्यांचं ‘कनेक्शन’ ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत सगळीकडे वाजत होतं, आणि त्याच्या सुरुवातीचा तो तुटक झटका थेट ‘थ्री गर्ल ऱ्हुम्बा’चा होता. प्रकरण वायरच्या प्रकाशकांपर्यंत गेलं आणि कोर्टाबाहेर मिटलं. पुष्कळांनी तेव्हा एलास्टिकावर राग धरला. मला ते गाणं आवडतं. मजेत वाजवलंय, आणि त्याच्यामुळे किती तरुण मुलं मागे वळून १९७७पर्यंत गेली. फक्त एक जाणवतं. एलास्टिकाने तो झटका पुन्हा पुन्हा वाजवला, त्याच्यावर गाणं उभं केलं, लोकांना जे हवं होतं ते दिलं. तेच सतरा वर्षांपूर्वी वायरने द्यायचं नाकारलं होतं.

दरम्यान खुद्द वायर १९८५मध्ये ऑक्सफर्डच्या आधुनिक कला संग्रहालयात पुन्हा एकत्र वाजवून बसले होते, आणि तिथून १९८७च्या त्या अमेरिकन दौऱ्यापर्यंत पोचले होते. पुढे यंत्राचे ताल वाढत गेले तसं गोटोबेडला करण्यासारखं काही उरेना. १९९०मध्ये तो बाहेर पडला आणि शेतीकडे वळला. उरलेल्या तिघांनी इंग्रजी नावातलं एक अक्षर गाळलं आणि त्या तीन अक्षरी नावाने रेकॉर्ड काढली. एक माणूस गेला, एक अक्षर गेलं. मला वाटतं मित्राची रिकामी जागा दाखवण्याची इतकी नेमकी तऱ्हा मी दुसरीकडे पाहिली नाही. त्याच्या जागी कुणाला बसवलं नाही, जागा मोकळी ठेवली. तो परतला तेव्हा अक्षरही परत आलं.

आणि मग २००३ साली त्यांनी ‘पिंक फ्लॅग’ वाजवली. लंडनच्या बार्बिकनमध्ये, स्वतः, सगळीच्या सगळी, क्रमाने. हे कळलं तेव्हा मला आधी फसवल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं ज्यांच्या नकाराचा मी आधार घेत होते त्यांनीच! पण कार्यक्रमाची मांडणी समजली तशी समजूत पटत गेली. पूर्वार्ध ‘पिंक फ्लॅग’, उत्तरार्ध ‘सेंड’ ही त्याच वर्षीची कोरी करकरीत रेकॉर्ड. पंचवीस वर्षांच्या अंतरावरच्या दोन गोष्टी एकाच रात्री शेजारी ठेवलेल्या. जुनं हे नव्याची उंची मोजायला लावलेलं. उत्तरार्धात चौघंही स्वतंत्र चौकोनी खोक्यांत उभे. त्या मंचाची रचना करणारी एस डेव्हलिन तोवर नाटकांत काम करत होती. गाण्याच्या कार्यक्रमासाठी तिने केलेलं हे पहिलं काम. पुढे कान्ये वेस्टच्या दौऱ्यापासून ते मोठमोठ्या स्टेडियमांतल्या मंचांपर्यंत ती पोचली. आज प्रचंड कार्यक्रमांत प्रकाशाचे जे अजस्र पेटारे दिसतात, त्यांच्या मुळाशी हे चार खोके आहेत.

पुढच्याच वर्षी गिल्बर्ट बाहेर पडला. काही कटुता जाहीर न करता, मुळात जो होता तो होऊन, आवाजांवर काम करणारा कलावंत. बाकीचे चालत राहिले. २०१३ची ‘चेंज बिकम्स अस’ मला या सगळ्यांत फार महत्त्वाची वाटते. त्या इलेक्ट्रिक बॉलरूमच्या दिवसांतली गाणी कधी नीट रेकॉर्ड झालीच नव्हती, कच्ची राहिली होती. तीसहून अधिक वर्षांनी त्यांनी ते आराखडे काढले आणि त्यांतून नवीन गाणी केली. त्यावेळची हुबेहूब उभी करायचा प्रयत्न केला नाही. आजचे हात, आजचा आवाज. लोकांनी त्या रात्री बाटल्या फेकून जे ऐकायचं नाकारलं होतं ते शेवटी पूर्ण झालं. जुन्या स्केचबुकात राहून गेलेलं एखादं पान मी कधीकधी मोठ्या कागदावर घ्यायला बसते, तेव्हा ही रेकॉर्ड लावते.

इतकं सगळं थांबण्याबद्दल आणि नाकारण्याबद्दल लिहिल्यावर एका गाण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण ते माझ्या म्हणण्यात बसत नाही. ‘आउटडोअर मायनर’. ‘चेअर्स मिसिंग’वरचं, पावणेदोन मिनिटांचं, त्यांनी केलेल्या गाण्यांतलं सगळ्यात गोड. चाल इतकी हळवी की प्रेमगीतच वाटावं, आणि शब्द नागअळीबद्दल. ल्युइसने लिहिलेले. पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे राहणारी, खाणीतल्या कामगारासारखी बोगदा कोरत जाणारी अळी. आमच्या अंगणातल्या लिंबाच्या कोवळ्या पानांवर दर पावसाळ्यानंतर तिच्या पांढऱ्या नागमोडी रेघा उमटतात. सुरुवातीला केसाएवढी बारीक, मग अळी वाढते तशी रेघ रुंद होत जाते, आणि जिथे ती संपते तिथे पानाची कड किंचित दुमडलेली. आईच्या लेखी ती कीड, पान तोडून जाळायचं. मी त्यातली काही वर्गात नेते आणि मुलांना बारीक पेन्सिलने रेखाटायला देते.

ईएमआयला या गाण्यात धंदा दिसला. पण एवढं छोटं गाणं रेडिओवर चालायचं कसं, म्हणून ते वाढवून द्या असं सांगितलं. आणि यांनी, वायरने, दिलं. एक कडवं आणखी घातलं, मधे माइक थॉर्नने पियानोचा एक तुकडा वाजवला, आणि १९७९च्या सुरुवातीला ते तीन मिनिटांच्या जवळ जाणारं गाणं सिंगल म्हणून निघालं. ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत ते ५१व्या जागेपर्यंत चढलं, टेलिव्हिजनवर झळकण्याची शक्यता दिसायला लागली, आणि विक्रीच्या आकड्यांवरून संशय उठल्यामुळे ती तिथेच विरली. म्हणजे ज्यासाठी वाढवलं ते साधलंच नाही.

पण तो पियानो. तो येतो तेव्हा गिटारी जराशा मागे सरतात आणि गाण्याला श्वास घ्यायला जागा मिळते. घाई नाही, दाखवणं नाही, मोजके सूर, आणि त्यानंतर जी धून परत येते ती आधीपेक्षा उजळ वाटते. माझ्या सरांनी ऐकलं असतं तर हात काढ म्हणाले असते का? मला नाही तसं वाटत. दोन्ही रूपं माझ्याजवळ आहेत, मूळचं आणि कंपनीने मागून घेतलेलं. मूळचं निर्दोष आहे. मी जास्त वेळा लावते ते दुसरं.